सत्तर लाख मतं, पण मोर्चे मॉर्मन मंदिरांवर: कॅलिफोर्नियाच्या 'प्रॉप ८' नंतर काय घडलं आणि का

नोव्हेंबर २०२४मध्ये कॅलिफोर्नियाच्या मतदारांनी आपल्या राज्यघटनेतलं एक वाक्य काढून टाकलं: फक्त स्त्री आणि पुरुष यांच्यातला विवाहच वैध. वाक्य २०१३पासून निरुपयोगीच होतं, त्यामुळे राष्ट्राध्यक्षपदाच्या निकालाच्या गदारोळात ही बातमी कोपऱ्यात गेली. पण २००८मध्ये हेच वाक्य घटनेत आलं तेव्हा देशभर मोर्चे निघाले होते. धर्मस्थळांना पांढऱ्या पुडीची पाकिटं गेली, आणि हजार डॉलरच्या देणगीपायी माणसांनी मोठी पदं सोडली. हा राग मुख्यतः ज्या चर्चवर निघाला, त्याचे सभासद राज्याच्या लोकसंख्येत जेमतेम दोन टक्के होते. दोन टक्के लोक निवडणूक कशी जिंकवतील? हे कोडं सोडवायचं तर आधी तिथली मतदानाची पद्धत समजून घ्यावी लागते.

प्रॉपोझिशन म्हणजे काय?

कॅलिफोर्नियात आमदारांना बाजूला ठेवून नागरिक स्वतः कायदा करू शकतात. एखादा मसुदा घ्यायचा, त्यावर ठरावीक मतदारांच्या सह्या गोळा करायच्या. सह्या पुरल्या की तो मसुदा मतपत्रिकेवर येतो आणि लोक 'हो' किंवा 'नाही' म्हणतात. त्या मसुद्याला प्रॉपोझिशन म्हणतात, बोलताना 'प्रॉप'. साध्या कायद्यासाठी आधीच्या गव्हर्नर निवडणुकीत पडलेल्या मतांच्या ५ टक्के सह्या लागतात, घटनादुरुस्तीसाठी ८ टक्के. २००८मध्ये हा आकडा ६,९४,३५४ होता.

खरी मेख पुढे आहे. घटनादुरुस्ती मंजूर व्हायला निम्म्याहून एक मत जास्त असलं की पुरतं. आपल्याकडे घटनादुरुस्तीला संसदेच्या दोन्ही सभागृहांत विशेष बहुमत लागतं. तिथे साध्या बहुमतानं, एका मंगळवारी, कुणाचा हक्क घटनेतून वजा होऊ शकतो. प्रॉप ८ नंतर लोक इतके का चिडले, याचं निम्मं उत्तर या तरतुदीत आहे.

२००८ सालचा घटनाक्रम

मार्च २०००मध्ये प्रॉप २२ नावाचा कायदा ६१ टक्क्यांनी मंजूर झाला होता. शब्द तेच, पण तो साधा कायदा होता, त्यामुळे न्यायालय तो घटनेच्या कसोटीवर तपासू शकत होतं. १५ मे २००८ला राज्याच्या सर्वोच्च न्यायालयानं तो ४ विरुद्ध ३ मतांनी रद्द केला आणि जूनच्या मध्यापासून समलिंगी जोडप्यांचे विवाह सुरू झाले. नोव्हेंबरपर्यंत सुमारे १८,००० जोडप्यांनी लग्नं केली.

विरोधक मात्र गाफील नव्हते. न्यायालय असं काही करेल हे ओळखून त्यांनी सह्या आधीच जमवल्या होत्या. तोच मजकूर आता घटनादुरुस्ती म्हणून जूनच्या सुरुवातीला मतपत्रिकेसाठी पात्र ठरला. राज्याचे ॲटर्नी जनरल (मुख्य कायदा अधिकारी) जेरी ब्राऊन यांनी मतपत्रिकेवरचं शीर्षक बदलून 'समलिंगी जोडप्यांचा विवाहाचा हक्क काढून घेते' असं केलं, त्यावरूनही कोर्टबाजी झाली. शिवाय 'हो' म्हणजे विवाहाला बंदी आणि 'नाही' म्हणजे परवानगी, असा उलटा प्रकार होता. त्यामुळे दोन्ही बाजूंचा बराच पैसा नुसतं हे समजावण्यातच गेला.

४ नोव्हेंबर २००८ला, बराक ओबामा निवडून आले त्याच दिवशी, प्रॉप ८ला ७०,०१,०८४ मतं मिळाली आणि विरोधात ६४,०१,४८२ पडली. टक्क्यांत ५२.२४ विरुद्ध ४७.७६. सॅन फ्रान्सिस्कोत सुमारे ७५ टक्के लोकांनी 'नाही' म्हटलं होतं. लॉस एंजेलिस परगण्यात मात्र 'हो'ची बाजू केसभर फरकानं पुढे गेली.

मॉर्मन चर्चनं नेमकं काय केलं?

'चर्च ऑफ जीझस ख्राइस्ट ऑफ लॅटर-डे सेंट्स' हे त्याचं पूर्ण नाव, मुख्यालय युटा राज्यातल्या सॉल्ट लेक सिटीत. बाहेरचे लोक त्यांना मॉर्मन म्हणतात. या पंथात विवाह हा धर्माचा गाभाच आहे. मंदिरात विधिपूर्वक झालेलं लग्न मृत्यूनंतरही टिकतं, अशी श्रद्धा आहे. म्हणून विवाहाच्या व्याख्येच्या लढाईत हे चर्च हवाई, अलास्का आणि प्रॉप २२ या तिन्ही ठिकाणी आधीच उतरलेलं होतं.

२००८मध्ये बोलावणं आलं ते कॅथलिकांकडून. सॅन फ्रान्सिस्कोचे आर्चबिशप जॉर्ज नीडरॉअर त्याआधी सॉल्ट लेक सिटीचे बिशप होते. तिथल्या ओळखीतून त्यांनी मॉर्मन नेतृत्वाला मोहिमेत येण्याची विनंती केली. २९ जूनला कॅलिफोर्नियातल्या प्रत्येक मॉर्मन सभेत सर्वोच्च नेतृत्वाचं पत्र वाचून दाखवलं गेलं: वेळ द्या, पैसा द्या.

हे पत्र कुठल्या यंत्रणेत पडलं ते पाहायला हवं. मॉर्मन सभासद उत्पन्नाचा दहावा हिस्सा चर्चला देतात. त्यांच्याकडे पगारी पाद्री नसतात, स्थानिक कामं सभासदच वाटून घेतात. प्रत्येक वस्तीची सभा म्हणजे 'वॉर्ड', आणि वॉर्डमध्ये कुणाला काय काम द्यायचं याची घडी आधीपासून बसलेली असते. दारोदार जाऊन अनोळखी माणसाशी बोलणं तर तिथली तरुण मुलं प्रचारकाच्या सेवेत दीड-दोन वर्षं शिकूनच येतात. अशी माणसं कुठल्याही प्रचारप्रमुखाला स्वप्नात दिसतील. समर्थक मोहिमेच्या व्यवस्थापकांच्या अंदाजानुसार सुरुवातीला दारोदार फिरणाऱ्यांत बहुसंख्य मॉर्मन होते, आणि जमलेल्या सुमारे ४ कोटी डॉलरपैकी निम्म्यापर्यंत रक्कम त्यांच्याकडून आली. विरोधी बाजूनंही जवळपास तितकाच, किंबहुना थोडा जास्त पैसा उभा केला होता.

हा पैसा चर्चच्या तिजोरीतून आला नाही. तो सभासदांनी आपापल्या खिशातून दिला. चर्चनं स्वतः जे दिलं ते कर्मचाऱ्यांचा वेळ, प्रवास, साहित्य अशा रूपात, सुमारे १ लाख ९० हजार डॉलर किमतीचं. मतदानाआधीच्या शेवटच्या दिवसांतल्या अशा मदतीची माहिती राज्याला २४ तासांत कळवायची असते. त्यातल्या सुमारे ३७ हजार डॉलरच्या मदतीची नोंद उशिरा झाली, म्हणून २०१०मध्ये राज्याच्या निवडणूक-खर्च आयोगानं चर्चला साडेपाच हजार डॉलरच्या आसपास दंड केला. इतक्या वादंगातून कायद्याच्या हाती लागलं ते एवढंच.

शंभर डॉलरची यादी

कॅलिफोर्नियात १९७४च्या कायद्यानुसार कुठल्याही प्रॉपोझिशनच्या बाजूनं किंवा विरोधात १०० डॉलर वा अधिक देणाऱ्याचं नाव, गाव, व्यवसाय आणि तो कुठे नोकरी करतो ही माहिती जाहीर होते. मुळात हे १९७४ साली ठरलं तेव्हा यादी कचेरीत फायलीत बसायची. २००८ उजाडेपर्यंत ती राज्याच्या संकेतस्थळावर कुणालाही चाळता येत होती.

गणेशोत्सवात मंडळ वर्गणीदारांची नावं आणि रकमा फलकावर लावतं. हेतू हिशोबाचा आणि मानाचा. पण गल्लीत मंडपावरूनच भांडण पेटलं असेल तर दुसऱ्या दिवशी तोच फलक 'कुणी कुणाला साथ दिली' याची यादी होतो. कॅलिफोर्नियात हे राज्याच्या पातळीवर घडलं. जानेवारी २००९मध्ये कुणीतरी देणगीदारांची यादी ऑनलाइन नकाशावर चढवली: नकाशा मोठा करा, आपल्या भागात कुणी किती दिले ते टिंबांवर वाचा. बनवणाऱ्यानं स्वतःचं नाव मात्र दिलं नाही.

यादीत धर्म लिहिलेला नसतो. तरीही निवडणुकीआधीच काही गट नावं पडताळून 'हा मॉर्मन, हा मॉर्मन' अशा खुणा करत होते. मतदानाच्या तोंडावर विरोधी बाजूच्या एका गटानं टीव्हीवर जाहिरात दाखवली: दोन मॉर्मन प्रचारक एका समलिंगी जोडप्याच्या घरात शिरतात, कपाट उचकतात आणि विवाहाचा दाखला फाडून टाकतात. म्हणजे रोख कुणावर, हे निकालाआधीच ठरलं होतं.

निकालानंतरचे दहा-पंधरा दिवस

६ नोव्हेंबरला लॉस एंजेलिसमध्ये सांता मोनिका बुलेवार्डवरच्या मॉर्मन मंदिरासमोर दोनेक हजार लोक जमले. दुसऱ्या दिवशी सॉल्ट लेक सिटीत, मुख्यालयाभोवती मोर्चा झाला. १२ तारखेला न्यूयॉर्कच्या मॅनहॅटनमधल्या मंदिराबाहेर, १५ला देशभरातल्या शहरांत. मोर्चे मंदिरांसमोरच का, याला कारण आहे. मॉर्मनांची रविवारची प्रार्थना साध्या सभागृहात होते. मंदिर वेगळं. तिथे विवाहासारखे विशेष विधी होतात आणि पात्रतेचा दाखला असलेल्या सभासदांनाच प्रवेश मिळतो. लग्नाचा हक्क गमावलेल्यांना निषेधासाठी याहून बोलकी जागा सापडली नसती.

मोर्चे बहुतांशी शांततेत झाले. बाकी सगळं शांत नव्हतं. सभागृहांवर रंग फासला गेला, काचा फुटल्या. १३ नोव्हेंबरला लॉस एंजेलिस आणि सॉल्ट लेक सिटीच्या मंदिरांना पांढरी पूड भरलेली पाकिटं आली. कनेक्टिकटमध्ये 'नाइट्स ऑफ कोलंबस' या कॅथलिक संघटनेच्या छापखान्यातही तसंच पाकीट पोचलं. या संघटनेनं प्रॉप ८ साठी दहा लाखांहून अधिक डॉलर दिले होते. २००१मध्ये अमेरिकेत अँथ्रॅक्सच्या पाकिटांनी माणसं मेली होती, त्यामुळे इमारती बंद कराव्या लागल्या. पूड निरुपद्रवी निघाली, पण ती येण्याचा अर्थ सगळ्यांना कळला होता.

तिसरा प्रकार पैशाचा. सॅक्रामेंटोच्या मोठ्या नाट्यसंस्थेच्या कलादिग्दर्शकानं १,००० डॉलर दिल्याचं यादीतून कळलं. कलाकारांनी असहकार पुकारला आणि १२ नोव्हेंबरला त्यानं राजीनामा दिला. लॉस एंजेलिसच्या एका चित्रपट महोत्सवाच्या संचालकानं १,५०० दिले होते, तोही गेला. एका मेक्सिकन रेस्टॉरंटवर बहिष्कार पडला तो व्यवस्थापिकेच्या १०० डॉलरमुळे. ही यादी थंड होत नाही, हे २०१४मध्ये पुन्हा दिसलं: ब्रेंडन आइक फायरफॉक्स ब्राउझर बनवणाऱ्या मोझिलाचे प्रमुख झाले आणि सहा वर्षांपूर्वीच्या १,००० डॉलरवरून दोन आठवड्यांच्या आत पायउतार झाले.

'मतं तर इतरांनीही दिली होती, मग यांनाच का?'

हिशोब करून पाहा. विजयाचं अंतर सहा लाखांच्या आसपास. कॅलिफोर्नियातले सगळे मॉर्मन, मुलाबाळांसकट, साडेसात लाखांच्या घरात. सत्तर लाखांपैकी प्रचंड वाटा कॅथलिक आणि इव्हँजेलिकल (कडव्या प्रोटेस्टंट) मतदारांचा होता, आणि तो असणारच, कारण राज्यात ते कितीतरी पट आहेत. पण कॅथलिकांमध्ये मतभेद होते, शेजारीपाजारी, सहकारी, नातेवाईक सगळीकडे होते. त्यांच्यावर सरसकट रागावणं जड जातं. मॉर्मन थोडे आणि संघटित, आणि त्यांचं मुख्यालय दुसऱ्या राज्यात. 'बाहेरच्यांनी येऊन आमचा हक्क हिरावला' हे वाक्य त्यांच्याबाबत सहज जुळत होतं.

कृष्णवर्णीय मतदारांवरही असाच आळ आला. मतदानाच्या दिवशीच्या पाहणीत त्यांच्यातल्या ७० टक्के लोकांनी 'हो' म्हटल्याचं आलं आणि काही मोर्चांत वंशवाचक शिव्या ऐकू आल्या. दोनच महिन्यांनी पॅट्रिक इगन आणि केनेथ शेरिल या राज्यशास्त्रज्ञांनी ५७ ते ५९ टक्के असा अंदाज मांडला. त्यांच्या मते वंशापेक्षा माणूस किती नियमित प्रार्थनेला जातो, त्याचं वय आणि राजकीय कल काय, यावर मत ठरत होतं. पण तोवर पहिला आकडा सगळीकडे पोचला होता.

'धर्म विरुद्ध समलिंगी' असं सरळ चित्रही खोटं ठरतं. कॅलिफोर्नियातले एपिस्कोपल या प्रोटेस्टंट पंथाचे बिशप, उदारमतवादी युनिटेरियन मंडळी, अनेक ज्यू रब्बी प्रॉप ८च्या विरोधात उघडपणे उभे होते.

एक गोष्ट दोन्हीकडे सारखी होती: जुनी जखम. १८३८मध्ये मिसुरीच्या गव्हर्नरनं मॉर्मनांना हुसकावण्याचा, गरज पडल्यास संपवण्याचा लेखी आदेश काढला होता. १८४४मध्ये त्यांचे संस्थापक जोसेफ स्मिथ यांना जमावानं तुरुंगात घुसून मारलं. बहुपत्नीत्वावरून केंद्र सरकारनं १८८७च्या कायद्यानं चर्चची मालमत्ता जप्त केली, तेव्हा कुठे १८९०मध्ये त्यांनी ती प्रथा सोडण्याची घोषणा केली. मोर्चातल्या फलकांवर या बहुपत्नीत्वाची टिंगल होती, ती त्यांना वर्मी लागली. समोरच्यांना १९७८ आठवत होतं: समलिंगी शिक्षकांना शाळांतून काढण्याचं प्रॉप ६ हरलं, आणि त्याच महिन्यात त्याविरुद्ध लढलेले समलिंगी नगरसेवक हार्वी मिल्क सॅन फ्रान्सिस्कोच्या सिटी हॉलमध्ये गोळ्या घालून मारले गेले. दोघांनाही प्रामाणिकपणे वाटत होतं की पीडित आपणच.

'चर्चनं राजकारण करायचं आणि करही भरायचा नाही?'

मोर्चांतली ही सर्वांत लोकप्रिय घोषणा, आणि कायद्याच्या दृष्टीनं सर्वांत कच्ची. अमेरिकेत करमाफी असलेल्या धर्मादाय संस्थेला उमेदवाराचा प्रचार करायला १९५४पासून कायद्यानं बंदी आहे. प्रॉपोझिशन म्हणजे उमेदवार नव्हे. ते कायद्यावरचं मत, म्हणून त्यासाठीचा प्रचार आमदारांकडे बाजू मांडण्याइतकाच धरला जातो. तो संस्थेच्या एकूण कामाचा 'मोठा भाग' होऊ नये, एवढीच अट. अब्जावधींची उलाढाल असलेल्या चर्चपुढे १ लाख ९० हजार डॉलर किती, हे सांगायला नको. हीच सवलत प्रॉप ८ला विरोध करणाऱ्या चर्चेसनीही वापरली होती. नियम आवडत नसेल तर तो बदला म्हणता येईल. मोडला असं म्हणता येत नाही.

'बहिष्कार म्हणजे छळच ना?'

इथे सरसकट बोलून भागत नाही. पूड पाठवणं, काचा फोडणं, धमक्या देणं हे गुन्हे आहेत. ५ डिसेंबर २००८ला न्यूयॉर्क टाइम्समध्ये पानभर जाहिरात आली, तिच्यात वेगवेगळ्या धर्मांच्या आणि मतांच्या लोकांनी या झुंडशाहीचा निषेध केला होता. सही करणाऱ्यांचं विवाहाच्या प्रश्नावर एकमत नव्हतं.

मोर्चा आणि बहिष्कार यांची गोष्ट निराळी. १९८२मध्ये अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयानं मिसिसिपीतल्या एका खटल्यात ठरवलं की राजकीय बदलासाठीचा शांततामय बहिष्कार हे संरक्षित अभिव्यक्तिस्वातंत्र्य आहे. ते प्रकरण कृष्णवर्णीय नागरिकांनी गोऱ्या दुकानदारांवर टाकलेल्या बहिष्काराचं. बहिष्कार मोडणाऱ्यांची नावं टिपून चर्चमधल्या सभांत वाचली जात, तीही न्यायालयानं गैर मानली नाहीत.

नोकरीच्या बाबतीत कॅलिफोर्नियाचा कायदा उलट बाजूनं कडक आहे. कामगार कायद्याची ११०१ आणि ११०२ ही कलमं मालकाला कर्मचाऱ्याच्या राजकीय कृतीवर दबाव आणायला मनाई करतात. म्हणून त्या बड्या प्रकरणांत कुणाला देणगीसाठी काढून टाकल्याचं कागदावर सापडत नाही. सगळीकडे राजीनामे आहेत. कायदा इथे संपतो. शंभर डॉलरसाठी एखाद्या रेस्टॉरंटच्या वाढप्यांचं उत्पन्न बुडवावं का, हा न्यायाचा आणि प्रमाणाचा प्रश्न उरतो. त्या वाढप्यांपैकी काही स्वतः समलिंगी होते. मला तो बहिष्कार चुकीच्या माणसांवर पडला असंच वाटतं.

'मग देणगीदारांची नावं झाकून ठेवा'

समर्थक मोहिमेनं हेच मागितलं. जानेवारी २००९मध्ये ते सॅक्रामेंटोच्या केंद्रीय न्यायालयात गेले. छळाची भीती असलेल्या संघटनांना नावं गुप्त ठेवण्याची मुभा आहे खरी: १९५८मध्ये अलाबामात कृष्णवर्णीयांच्या एनएएसीपी संघटनेला आणि १९८२मध्ये छोट्याशा समाजवादी कामगार पक्षाला ती मिळाली होती. पण ७० लाख मतं मिळवून जिंकलेली बाजू स्वतःला असा दुबळा गट म्हणवू शकते का? न्यायालयानं आधी अंतरिम मनाई नाकारली आणि २०११मध्ये अंतिम निकालही विरोधात दिला.

दरम्यान २०१०मध्ये वॉशिंग्टन राज्यातल्या अशाच एका प्रकरणात अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयानं ८ विरुद्ध १ मतांनी सांगितलं की सार्वमताच्या अर्जावरच्या सह्या उघड करायला सरसकट हरकत नाही. त्यात न्यायमूर्ती अँटोनिन स्कालिया यांनी स्वतंत्र मत लिहिलं: आपल्या राजकीय कृतीमागे उघडपणे उभं राहण्याचं धैर्य नसेल तर लोकशाही टिकणार नाही. समलिंगी विवाहाच्या घटनात्मक हक्काला विरोध करणाऱ्या कॅथलिक न्यायमूर्तींनी हे लिहिलं, याची नोंद घ्यायला हवी.

आपल्याकडे हाच पेच १५ फेब्रुवारी २०२४ला निवडणूक रोख्यांच्या निकालात आला. पाच न्यायमूर्तींच्या घटनापीठानं योजना रद्द केली, पण देणगीदाराच्या राजकीय कलाला गोपनीयतेचं संरक्षण आहे हेही मान्य केलं. २०,००० रुपयांपर्यंतच्या देणगीची माहिती पक्षाला जाहीर करावी लागत नाही, त्यात ते संरक्षण येतं, असं म्हटलं. छोट्या माणसाचं नाव झाकलेलं, मोठ्या रकमेचं उघडं. कॅलिफोर्नियाची १०० डॉलरची रेघ इतकी खाली आहे की वाढपी आणि कोट्यधीश एकाच यादीत येतात. कॅलिफोर्नियातल्या फ्रीमॉन्ट-सनीव्हेलकडच्या मराठी नागरिकांच्या मतपत्रिकेवरही अशी प्रॉपोझिशन्स येतात. चेक लिहिताना ही रेघ लक्षात असलेली बरी. भारतात समलिंगी विवाहावर असं मतदान होऊच शकत नाही, कारण सार्वमतानं कायदा करायची तरतूदच नाही. १७ ऑक्टोबर २०२३ला सर्वोच्च न्यायालयानं तो प्रश्न संसदेकडे सोपवला.

पुढे काय झालं?

२६ मे २००९ला राज्याच्या सर्वोच्च न्यायालयानं प्रॉप ८ वैध ठरवलं, पण आधीचे १८,००० विवाह कायम ठेवले. ऑगस्ट २०१०मध्ये केंद्रीय न्यायाधीश वॉन वॉकर यांनी ते घटनाबाह्य ठरवलं. जून २०१३मध्ये अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयानं प्रॉप ८च्या समर्थकांना अपील करण्याचा अधिकारच नाही म्हटलं आणि विवाह पुन्हा सुरू झाले. २६ जून २०१५ला तो हक्क सगळ्या देशाला मिळाला.

चर्चची वाट वेगळी वळली. नोव्हेंबर २००९मध्ये, मुख्यालयाभोवतीच्या मोर्चाला जेमतेम वर्ष झालं असताना, सॉल्ट लेक सिटीनं घर आणि नोकरीत समलिंगी लोकांशी भेदभाव करायला बंदी घातली आणि चर्चच्या प्रतिनिधीनं नगर परिषदेसमोर उभं राहून पाठिंबा दिला. २०१५मध्ये तसाच कायदा साऱ्या युटासाठी झाला. त्यात धार्मिक संस्थांसाठी सवलती होत्या आणि दोन्ही बाजू मसुद्याला एकत्र बसल्या होत्या. २०२२मध्ये समलिंगी विवाहांना केंद्रीय कायद्याचं संरक्षण देणारं विधेयक आलं, तेव्हाही चर्चनं त्याचं समर्थन केलं, कारण धार्मिक संस्थांना असे विवाह लावण्याची सक्ती नाही हे त्यात स्पष्ट लिहिलं होतं. त्याच निवेदनात चर्चनं हेही सांगितलं की विवाहाबद्दलची आपली शिकवण बदललेली नाही, बदलणारही नाही.